काना गेला चोरीला

भिंतीवरचा एक तक्ता काढून टाकायचा, एवढाच मीटररावांचा निर्णय होता. त्यातून कार्यालयाचं फाटक बंद होईल, मोठ्या साहेबांसमोर चोरीची आरोळी उठेल आणि पाठीवर उलटी अक्षरं घेऊन आपल्याला भर दुपारी घरी यावं लागेल, असं कोणी आधी सांगितलं असतं, तर त्यांनी त्या तक्त्याला हातही लावला नसता.

मीटरराव म्हणजे पाणीपुरवठा कार्यालयातले मीटर वाचक. दारोदार जायचं, पाण्याच्या मीटरचं झाकण उघडायचं, आतलं कोळ्याचं जाळं फुंकायचं आणि आकडा टिपायचा. शर्टावर पांढरा बिल्ला, त्यावर काळ्या अक्षरांत ‘मीटर वाचक’. त्यांचं खरं नाव आईवडिलांनी बराच विचार करून ठेवलं होतं म्हणतात, पण ते आता बायकोलाही आठवून सांगावं लागायचं.

त्यांची मुलगी पहिलीत होती. हाताला लागेल ते लपवून ठेवायची, म्हणून घरात तिला खारू म्हणत. बटणं, पेन्सिलीची टोकं, एकदा तर बाबाच्या स्कूटरची किल्ली. (ती तांदळाच्या डब्यात सापडली. त्या दिवशी मीटररावांनी तीन गल्ल्या पायी वाचल्या.)

गेल्या वर्षी खारूला अक्षरं लागली आणि घरात आनंदीआनंद झाला. स्कूटरवर पुढे उभी राहून ती रस्त्यावरच्या पाट्या मोठमोठ्यानं वाचायची. ‘पंक्चर काढून मिळेल’, ‘जागा भाड्याने देणे आहे’, ‘मूळव्याधीवर खात्रीशीर उपाय’. सिग्नलला थांबलेली माणसं मागे वळून मीटररावांकडे सहानुभूतीनं बघायची. मीटररावांची छाती मात्र फुगायची. आता आनंद झाला की त्याचं काय करायचं, हे प्रत्येक जण आपापल्या धंद्याप्रमाणे ठरवतो. मीटररावांनी तो मोजायला घेतला. भिंतीवर तक्ता लावला. मागील वाचन, चालू वाचन, फरक, शेरा. रोज संध्याकाळी खारूनं किती पानं वाचली त्याची नोंद.

थोड्याच दिवसांत खारू पुस्तक उघडण्याआधी विचारायला लागली, “हे मोजणार आहेस का?” मग तिनं पुस्तक उघडणंच सोडलं. पाट्याही बंद झाल्या. शाळेतल्या बाईंनी मीटररावांना बोलावून शांतपणे सांगितलं, “तिला वाचता येतं हो. तिला वाचायचं नाहीये.”

हे वाक्य मीटररावांच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं. घरी येऊन त्यांनी ते बायकोला सांगितलं. बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांना “आता दिसतंय? आणि आता?” असं विचारून तिला ती सवयच लागली होती.

“मीटर बसवला की लोक काय करतात रे?” तिनं विचारलं.

“पाणी कमी वापरतात. त्यासाठीच तर बसवतात.”

“आता दिसतंय?”

मीटररावांना दिसलं. त्यांनी उठून तक्ता काढला आणि कपाटामागे सरकवला.

पण नुसता तक्ता काढून मुलगी थोडीच वाचायला लागणार! त्या रविवारी मीटररावांनी बुटांची खोकी फाडली, काळा कागद आणला आणि घरातल्या प्रत्येक वस्तूच्या नावाची पाटी करायला बसले. खारू लांबून बघत होती. कात्री दिसल्यावर ती जवळ सरकली. (कात्रीला नाही म्हणणारं मूल अजून जन्माला यायचंय.) अक्षरं मीटररावांनी कापली. काने, मात्रा, वेलांट्या खारूनं कापल्या, त्याही जुन्या काळ्या चुंबकाच्या पट्टीतून, म्हणजे लावता-काढता येतील. पाटीच्या मागे पत्र्याचा तुकडा. खारूच्या मात्रा जरा वादळात सापडल्यासारख्या दिसत, पण काम देत. उरलेले काने आणि वेलांट्या गोळ्यांच्या एका चपट्या डबीत गेल्या, आणि ती डबी अर्थातच खारूच्या खिशात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटरराव खारूच्या कानाशी कुजबुजले, “घरात चोर शिरलाय. काही तरी गेलंय बघ.”

खारू दात घासत होती. तिला काही फारसं पडलेलं नव्हतं. ती ब्रश तोंडात ठेवून घरभर फिरली आणि खोलीत जाऊन थबकली. मग तोंडातला फेस सगळीकडे उडवत ओरडली, “आई! कपाटाचं कपट झालंय!”

आणि मग काय! पंख्याचा काना गेला, त्याचा पंख झाला. माळ्याचा गेला, मळा झाला. रात्री झोपताना दोघं मिळून त्यांच्या गोष्टी रचायची. एक पंख होता, तो उडून उडून दमला, त्याला वाटेत एक काना सापडला आणि तो छताला लटकून गरगर फिरायला लागला. गोष्ट खारू सांगायची, चित्र मीटरराव काढायचे. (चित्रातला पंखा कोळ्यासारखा दिसायचा. खारूनं मग गोष्टीत कोळी घातला.) चार-सहा दिवसांत चोरीचं काम खारूनं स्वतःकडे घेतलं आणि नियमही तिनंच केले. चोरलं की बदल्यात काही ठेवलं तरी चालेल. ज्याचं चोरीला गेलं त्यानंच ते वाचून ओळखायचं. दुसऱ्यानं सांगायचं नाही. कोणी सांगितलं तर चोर जिंकला.

पाट्या संपल्यावर खारूला नवे शब्द हवे झाले, आणि नवे शब्द पुस्तकात असतात हे तिचं तिलाच आठवलं. एका संध्याकाळी मीटरराव कामावरून आले तर ती पलंगाखाली पालथी पडून पुस्तक वाचत होती. ओठ हलत होते. मीटरराव चपला हातात घेऊन, चवड्यांवर, स्वयंपाकघरात गेले आणि बायकोला फक्त खुणेनं सांगितलं. बायकोनंही खुणेनंच सांगितलं की आता मोजू नकोस.

असं सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात मोठे साहेब यायचे ठरले.

शनिवार होता. खारूला सुट्टी, बायकोच्या दुकानात नव्या फ्रेमा यायच्या होत्या, म्हणून खारूला कार्यालयात न्यायचं ठरलं. सकाळी खारूनं आपणहून बाबाचा शर्ट आणून दिला. बिल्लासुद्धा लावलेला. मीटररावांना भरून आलं. वाचनानं मूल कसं जबाबदार होतं, यावर ते बायकोशी दोन शब्द बोललेही.

बायकोनं त्यांच्या छातीकडे बघितलं, मग खारूकडे, मग पुन्हा छातीकडे.

“छान दिसतोयस,” ती म्हणाली.

“बिल्ला सरळ आहे ना?”

“बिल्ला सरळच आहे,” असं म्हणून ती घाईघाईनं आत गेली. आत काही तरी भांडं पडलं, किंवा ती हसली असावी.

त्या दिवशी सगळ्या जगाची नजर मीटररावांवर प्रसन्न होती. कोपऱ्यावरचा सायकलवाला त्यांना बघून उठून उभा राहिला. फाटकावरचा शिपाई त्यांच्या शर्टाकडे निरखून बघत म्हणाला, “आज तुमच्यापुढे जरा जपूनच बोललं पाहिजे बुवा!” मीटरराव नम्रपणे हसले. इस्त्री नीट केली की माणसाचं वजन वाढतं, हे त्यांनी मनात नोंदवलं.

आत हेडक्लार्कची धांदल चालू होती. त्यांच्या हातात एकाच वेळी खुर्ची, फुलदाणी आणि चहाचा कप होता.

“मीटरराव, बरं झालं आलात. तुम्ही घरी अक्षरं बिक्षरं कापता म्हणे. दारातला तो पांढरा फळा लिहून टाका बघू. ठळक पाहिजे. साहेबांना लांबचं दिसत नाही आणि जवळचं पटत नाही.”

मीटररावांनी जीव ओतून फळा लिहिला:

मोठ्या साहेबांचे स्वागत
साहेबांचे भाषण
आभार व चहापान

मागे सरकून त्यांनी स्वतःच्या अक्षराकडे प्रेमानं बघितलं. खारूही बघत होती.

“बाबा, हा फळा तुझा आहे?”

“आज माझाच.”

“म्हणजे खेळात आहे?”

तेवढ्यात हेडक्लार्क ओरडले, “मीटरराव, ती तिसरी रांग वाकडी आहे!” आणि मीटरराव “हो हो, येतो, हो” असं म्हणत खुर्च्यांकडे धावले. त्यातला पहिला ‘हो’ हेडक्लार्कसाठी होता. खारूनं तो स्वतःसाठी घेतला.

मग ती फळ्याखालच्या स्टुलावर जाऊन बसली, आणि कोणी वाचतंय का याची वाट बघू लागली.

माणसं आली, गेली. टंकलेखिका आली, फळ्याच्या चकचकीत कडेत बघून तिनं केस नीट केले. चहावाल्यानं फळ्याच्या खिळ्याला फडकं अडकवलं. ते फडकं खारूनं काढून ठेवलं. तक्रार घेऊन आलेले एक आजोबा फळ्यासमोर उभे राहून तिलाच विचारू लागले, “काय गं बाळ, आज इथे काय आहे?”

“इथे लिहिलंय की!” खारू आशेनं म्हणाली.

“असेल असेल,” म्हणत आजोबा आत गेले. हेडक्लार्क तर चार वेळा समोरून गेले आणि चारही वेळा “वा, झकास लिहिलंय” म्हणाले.

साहेबांची गाडी फाटकाबाहेर येऊन थांबली, तेव्हा मीटरराव खारूला आत न्यायला धावत दाराशी आले. सहज म्हणून फळ्याकडे बघितलं.

मोठ्या साहेबांचे स्वगत
साहेबांचे भीषण
आभार व चहापान

स्वागताचा काना बोटानं पुसलेला होता. भाषणाच्या भा वर चुंबकाची वेलांटी टोपीसारखी चपखल बसली होती. (या वेळी ती वादळात सापडलेली नव्हती. नेमकी याच वेळी.)

पुसायला फडकं शोधावं, तर साहेब गाडीतून उतरलेले. पायऱ्या चढायला लागलेले. मागे पुष्पगुच्छ घेऊन ड्रायव्हर. मग मीटररावांनी माणसाच्या हातात असतं तेवढं केलं. वळले आणि फळ्याला पाठ टेकवून हात पसरून उभे राहिले.

“नमस्कार साहेब!”

“नमस्कार,” साहेब म्हणाले. “हे काय? बाजूला व्हा. वाचू द्या.”

“वाचण्यासारखं काही नाही साहेब. नेहमीचंच.”

“मग तुम्ही झाकताय काय?”

मीटररावांनी स्टुलाकडे बघितलं. खारू दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसली होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, हीच तर पंचाईत होती. डोळे लकाकत होते. अखेर कोणी तरी वाचणार होतं! ‘हे काय करून ठेवलंस!’ एवढं एकच वाक्य मीटररावांच्या ओठांवर आलं होतं. ते ओरडले असते तर त्यांची अब्रू वाचली असती, नोकरी वाचली असती. खारू मात्र पुन्हा काही वाचली नसती. बाईंचं वाक्य घशात पुन्हा टोचलं.

“साहेब,” ते म्हणाले, “चोरी झाली आहे.”

साहेबांचा चेहरा बदलला. “चोरी? कार्यालयात?”

“चोरी! चोरी!” शिपाई ओरडला आणि त्यानं तत्परतेनं धावत जाऊन फाटक बंद केलं. ड्रायव्हर तेवढ्यात गाडीतली पिशवी आणायला गेला होता, तो पुष्पगुच्छासकट बाहेर राहिला.

“काय गेलं?” हेडक्लार्क घाम पुसत धावत आले.

“काना.”

“कान? कोणाचा कान?” हेडक्लार्कनी स्वतःचे दोन्ही कान चाचपले. “अहो, कान कसा जाईल?”

“कान नाही, काना!”

“कानातलं असेल,” टंकलेखिका म्हणाली आणि तिनंही चाचपून बघितलं. “सोन्याचं होतं का हो?”

“सोन्याचं नाही हो, मार्करचा होता! स्वागतातला!”

“स्वागताला आलेल्यांचं गेलं?” हेडक्लार्क किंचाळले. “झडती घ्या! त्या आजोबांपासून सुरुवात करा!”

“माझं स्वतःचंच अजून काही सापडत नाही, माझी कसली झडती?” आजोबा आतून म्हणाले.

“शांत बसा सगळे!” साहेब कडाडले. त्यांनी मीटररावांचा दंड धरून त्यांना अलगद बाजूला केलं, चष्मा वर सरकवला आणि खणखणीत आवाजात वाचलं, “मोठ्या साहेबांचे... स्वगत.”

मग नजर खालच्या ओळीवर आणली.

“साहेबांचे... भीषण.”

मागे कोणाला तरी ठसका लागला. शिपाई गंभीरपणे म्हणाला, “बरोबर आहे की.” तो गेल्या वेळच्या भाषणाला हजर होता.

“हे कोणी केलं?”

“मी!” खारू स्टुलावर उभी राहिली. “तुम्ही पहिले! सकाळपासून एवढे सगळे आले नि गेले, कोणीच वाचलं नाही. त्या काकांनी तर न वाचताच झकास म्हटलं.”

साहेब हळूहळू हेडक्लार्ककडे वळले. “न वाचता?”

“म्हणजे साहेब, ओझरतं...”

“मग माझी परिपत्रकं? ती तरी वाचता का? मागच्या परिपत्रकात काय होतं?”

हेडक्लार्कनी फुलदाणीकडे बघितलं. फुलदाणीनंही वाचलेलं नव्हतं. “पाण्याबद्दलच होतं साहेब,” ते अंदाजानं म्हणाले.

साहेबांच्या मिशीखाली काही तरी हललं. ते राग म्हणून हललं की हसू म्हणून, हे कोणालाच ठरवता येईना. ते खारूसमोर वाकले. “चोर तूच. मग मी दोन्ही चोऱ्या ओळखल्या. जिंकलो का?”

“हा फळा बाबाचा आहे. तुम्ही मध्येच वाचलं, पण चालेल. अजून एक राहिलीय.”

“अजून एक? कुठे?”

“शोधा ना! पण सांगायचं नाही. ज्याची चोरी त्यानंच ओळखायची.”

साहेब शोधू लागले. भिंतीवरच्या सूचना वाचल्या, दारावरच्या पाट्या वाचल्या, ‘येथे थुंकू नये’ दोनदा तपासलं. त्यांच्या मागे हेडक्लार्क, त्यांच्या मागे टंकलेखिका, सगळे माना वर करून आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या कार्यालयाच्या भिंती वाचत होते. शेवटी साहेबांची नजर मीटररावांवर येऊन थांबली. छातीवर. चष्म्याच्या वरून एकदा, चष्म्यातून एकदा. मग खो खो हसणं त्यांनी कसंबसं खोकल्यात बदललं.

“सापडलं?” मीटररावांनी घाबरत विचारलं.

खारूनं ओठांवर बोट ठेवलं. साहेबांनीही ठेवलं.

“नियम म्हणजे नियम,” साहेब म्हणाले. “चला. आता माझं भीषण.”

ते भाषण कार्यालयाच्या इतिहासात सगळ्यांत छोटं झालं. “आपण लिहिलेलं कोणी वाचत नाही, हे मला आज कळलं,” साहेब म्हणाले. “बोललेलं तरी ऐकतात का, हे विचारायची माझी छाती नाही. चहा घ्या.” टाळ्या इतक्या मनापासून पडल्या की साहेब जरा दुखावलेही. मग फाटक उघडून ड्रायव्हरला आत घेतलं. पुष्पगुच्छ साहेबांनी परस्पर खारूला दिला.

घरी येताना मीटरराव हवेत होते. “दोन चोऱ्या तर मीच आधी पकडल्या होत्या,” ते स्कूटर चालवता चालवता सांगत होते. पुढे उभी राहून खारू पाट्या वाचत होती. “बास थांबा!” ती ओरडली.

मीटररावांनी करकचून ब्रेक लावला. “काय झालं?”

“काही नाही. तिथे ‘बस थांबा’ लिहिलंय. मी नुसता एक काना दिला.”

घरी आल्यावर त्यांनी तिसऱ्या चोरीचा तपास हाती घेतला. साऱ्या पाट्या वाचल्या. टूथपेस्टची नळी वाचली, औषधाच्या बाटल्या, कुकरच्या बुडावरचं बारीक अक्षर वाचलं. बायको दुकानातून आली तेव्हा ते खुर्चीवर चढून पंख्याच्या पात्यावरचं लेबल वाचत होते.

“एक डोळा झाकून बघ,” ती म्हणाली.

“तुला माहीत आहे?”

“सकाळपासून. पण नियम आहे. आणि पाठीवर काय रे हे? ‘स्वगत’ उलटं उमटलंय. काढ तो शर्ट, भिजत घालते.”

मीटररावांनी शर्ट काढला. बिल्ला काढायला म्हणून समोर धरला. आणि तसेच खुर्चीत बसले.

चष्म्याच्या दुकानात फ्रेमांवर लावायला किमतीचे पांढरे स्टिकर असतात. त्यातली एक दोऱ्याएवढी पट्टी वाचकाच्या कान्यावर बेमालूम बसली होती. पांढऱ्या बिल्ल्यावर, ठळक काळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: मीटर वचक.

सायकलवाला का उठून उभा राहिला, शिपाई का जपून बोलला, इस्त्रीचं वजन नेमकं किती, हे सगळं एकदम उलगडलं. खारू जमिनीवर लोळून हसत होती. बायको भिंतीला धरून हसत होती.

“वचक!” तिला बोलवेना. “आणि तुझा!”

“हसा,” मीटरराव म्हणाले. “पण ओळखलं की नाही मी?”

“बाबा, तू दिवसभर अंगावर घालून फिरलास आणि आत्ता वाचलंस,” खारू डोळे पुसत म्हणाली. मग ती विचारात पडली. “तू वाचतच नाहीस फार. आजपासून मी तुला रोज वाचून घेणार.”

ती आत गेली. कपाट हलल्याचा आवाज आला. येताना तिच्या एका हातात गोष्टीचं पुस्तक होतं आणि दुसऱ्या हातात कपाटामागचा जुना तक्ता. तो तिनं पूर्वीच्याच खिळ्यावर अडकवला. वर स्वतःचं नाव होतं ते खोडून ‘बाबा’ लिहिलं. मागील वाचन: शून्य. चालू वाचन: शून्य. फरक: शून्य. शेऱ्याच्या रकान्यापाशी ती अडली.

“मीटर चालत नसला की काय लिहितात?”

मीटररावांनी पडेल आवाजात सांगितलं. खारूनं जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर जोरात म्हणत लिहिलं: मीटर नादुरुस्त.

मीटरराव उठून तक्त्यापाशी गेले. एखादा काना राहिलाय का, एखादा उकार चोरीला गेलाय का, म्हणून त्यांनी तो शेरा पुन्हा पुन्हा वाचला. जोडाक्षरसुद्धा अचूक होतं.